बिडाच्या कारखान्यातले टॅलीप्राइम: हिशेबाला भक्कम, शॉपफ्लोअरला अपुरे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या मशीन शॉपच्या कार्यालयात डोकावले, तर टेबलावरच्या संगणकावर बहुधा हिशेबाचे एकच सॉफ्टवेअर उघडे असते: टॅलीप्राइम. लघुउद्योगातील माहिती-तंत्रज्ञानाबद्दल परिसंवादांत पुष्कळ बोलले जाते आणि त्यात सेन्सर लावलेल्या यंत्रांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत सारे काही येते. पण दहा-पंधरा कामगारांच्या कारखान्यात मालकाने पदरचे पैसे मोजून घेतलेले व्यवसायाचे सॉफ्टवेअर अनेकदा एवढेच असते, आणि बाकीचा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेल व चलनाचे पुस्तक यांवर चालतो. अशा काही कारखान्यांचे हिशेब पाहण्याचे काम मी करतो. फाउंड्रीतून बिडाचे कास्टिंग घ्यायचे, त्यावर टर्निंग, ड्रिलिंग, मिलिंग करायचे आणि तयार नग पुण्याच्या वाहन उद्योगाकडे पाठवायचे, असे त्यांचे स्वरूप असते. पुढील परीक्षण त्याच चौकटीत वाचावे. किराणा दुकान, औषधांचे दुकान किंवा उपाहारगृह यांच्या गरजा वेगळ्या असल्यामुळे त्यांना हे मत जसेच्या तसे लागू होणार नाही.

माझे मत आधीच सांगतो. जमाखर्च आणि उधारी सांभाळण्यासाठी छोट्या कारखान्याला या किमतीत याहून भरवशाचे साधन मला दिसत नाही. मात्र बहुतेक मालक ते जीएसटीसाठी घेतात, ज्या भागाचा त्यांना खरा फायदा व्हायचा तो भाग वापरतच नाहीत, आणि जे काम त्याचे नाहीच त्या उत्पादनाच्या नियोजनाची अपेक्षा त्याच्याकडून करतात.

टॅलीचा उगम व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला, हे त्याच्या रचनेत आजही दिसते. श्यामसुंदर गोएंका कारखाने आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत असत. स्वतःच्या धंद्याचे हिशेब नीट ठेवील असे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी ते मुलाकडून, भरत गोएंका यांच्याकडून, लिहून घेतले. १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. पुढे टॅली ९, २००९ चे टॅली ईआरपी ९ आणि २०२० च्या अखेरीस टॅलीप्राइम अशी रूपे आली, आणि त्याच २०२० मध्ये भरत गोएंका यांना पद्मश्री जाहीर झाली. जमाखर्च जाणणाऱ्याला संगणकाची परिभाषा शिकावी लागू नये, ही मूळची भूमिका अजून टिकून आहे. नवी कंपनी उघडताच २८ गट तयार मिळतात. त्यांखाली खाती उघडत जायचे, आणि नोंद केली की रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद एकाच वेळी अद्ययावत होतात. खात्यांना सांकेतिक क्रमांक द्यावे लागत नाहीत. नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टंकली की खाते समोर येते.

नोंदीचा वेग हा टॅलीचा सर्वांत मोठा गुण आहे आणि तो माउसला हात न लावण्यात आहे. एफ५ म्हणजे दिलेली रक्कम, एफ६ म्हणजे आलेली, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. कळांचा हा क्रम ईआरपी ९ च्या काळापासून हाताला इतका बसलेला आहे की प्राइममध्ये मेनूंची मांडणी बदलूनही कंपनीने त्याला धक्का लावला नाही. विक्रीची नोंद करत असताना नवीन ग्राहकाचे खाते नसल्याचे लक्षात आले, तर नोंद अर्धवट न सोडता ऑल्ट आणि सी दाबून तेथेच खाते उघडता येते आणि कंट्रोल आणि ए दाबून सारे जतन होते. प्राइममध्ये आलेली ‘गो टू’ ही सोय, म्हणजे ऑल्ट आणि जी दाबून हव्या त्या अहवालाचे नाव टंकणे, मला विशेष आवडते. विक्रीची नोंद उघडी ठेवूनच पार्टीचे येणे पाहून परत येता येते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अनेक हिशेब-प्रणाली दिसायला देखण्या आहेत, पण दिवसाची पन्नास चलने भरायची असतात तेव्हा पान उघडण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ जाणवतो.

या मोकळिकीला एक दुसरी बाजूही होती. टॅलीत कोणतीही जुनी नोंद उघडून तिची तारीख, रक्कम किंवा खाते बदलता येते, आणि पूर्वी त्याचा मागमूस सहसा राहत नसे. छोट्या कारखान्यातील कित्येकांना हाच सर्वांत मोठा सोयीचा भाग वाटे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांना, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेडलाही, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती बंद करता न येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले. त्यासाठी टॅलीने ‘एडिट लॉग’ ही स्वतंत्र आवृत्ती दिली, आणि साध्या आवृत्तीत ही सोय ऐच्छिक ठेवली. प्रोप्रायटरी आणि भागीदारी संस्थांवर हे बंधन नाही, त्यामुळे आमच्या भागातील बहुसंख्य कारखान्यांनी ती सोय बंदच ठेवलेली असते. ती सुरू करावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. सरकारसाठी म्हणून नाही. मार्चअखेरीस साठ्याचा आकडा अचानक का बदलला, कोणी आणि कधी बदलला, हे मालकाला स्वतःला कळावे म्हणून.

आता ज्या भागासाठी हे सॉफ्टवेअर घ्यावे त्याकडे वळतो. लघुउद्योग बुडतो तो बहुतेक वेळा नफा नसल्यामुळे नव्हे, तर पैसे वेळेवर न आल्यामुळे, आणि येण्याचा हिशेब ठेवण्याची टॅलीतील पद्धत उत्तम आहे. ग्राहकाच्या खात्यात बिलवार तपशील सुरू केला, की प्रत्येक विक्रीला बिलाचा संदर्भ व उधारीची मुदत लागते. पैसे आले की ते कोणत्या बिलापोटी आले, हे त्याच वेळी विचारले जाते. त्यावरून कोणते बिल देय तारखेच्या किती पुढे गेले, याचे वर्गवार पत्रक एका कळीवर मिळते. नियोजनाच्या कितीतरी बैठकांना जे जमत नाही ते या एका पत्रकाने जमते.

पण हे पत्रक खरे राहण्यासाठी पैसे जमा करतानाची शिस्त लागते आणि तेथेच गाडी अडते. पुण्याच्या मोठ्या ग्राहकाकडून येणारी रक्कम कधीच बिलाइतकी नसते. मजुरीवरचा टीडीएस कापलेला असतो, रिजेक्शनच्या नगांपोटी डेबिट नोट लावलेली असते, कच्च्या मालाच्या भावात झालेला बदल मागील तारखेपासून धरून काही रक्कम वळती केलेली असते, आणि सात-आठ बिलांची मिळून एकच रक्कम बँकेत पडते. ग्राहकाच्या पेमेंट अ‍ॅडव्हाइसशी एकेक बिल ताडून पाहण्याऐवजी नोंदणारा माणूस ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कोणत्याही बिलाशी न जोडता नुसते खात्यावर जमा करण्याचा, हा पर्याय निवडतो आणि मोकळा होतो. वर्षभरात अशा रकमा साचतात. ग्राहकाच्या खात्याची एकूण बाकी बरोबर असते, पण कोणती बिले खरोखर थकली आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. सॉफ्टवेअर हा पर्याय देते तो खऱ्या आगाऊ किंवा अनिश्चित रकमांसाठी, आणि त्याला तो दोष देता येणार नाही. तरीही अशा न जुळवलेल्या रकमांबद्दल त्याने थोडे अधिक टोकावे, असे मला वाटते.

या पत्रकाला कायद्यानेही आता वजन आले आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्याच्या ४३ ब कलमात नवीन तरतूद आली, आणि मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट देणाऱ्याला ती प्रत्यक्ष दिल्यावरच मिळू लागली. त्यानंतर मार्चमध्ये ग्राहकांच्या लेखा विभागाकडून उद्यम प्रमाणपत्राची, म्हणजे लघुउद्योग म्हणून नोंदणी असल्याच्या दाखल्याची, मागणी येऊ लागली, हे आमच्याकडे सर्वांनी पाहिले आहे. टॅलीत पुरवठादाराच्या खात्यात उद्यम नोंदणीचा प्रकार व क्रमांक भरता येतो आणि मुदत उलटलेली देणी वेगळी पाहता येतात. ही सोय आपल्यालाही आरसा दाखवते, कारण मशीन शॉपसुद्धा हीट ट्रीटमेंटवाल्याचे आणि प्लेटिंगवाल्याचे पैसे अडवून धरत असते.

दुसरा महत्त्वाचा भाग जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने करून द्यायच्या कामाचा. कोल्हापूरच्या धंद्यात एकच नग चार छपरांखाली फिरतो: फाउंड्रीत ओतला जातो, दुसरीकडे फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) होते, तिसरीकडे मशीनिंग आणि चौथीकडे रंग किंवा प्लेटिंग. माल कोणाच्या जागेत आहे आणि कोणाच्या मालकीचा आहे, ही दोन उत्तरे बहुतेक वेळा वेगळी असतात. टॅलीत यासाठी ‘मटेरियल आउट’ आणि ‘मटेरियल इन’ अशा वेगळ्या नोंदी आहेत आणि दुसऱ्याच्या ताब्यातील मालासाठी त्याच्या नावाचे स्वतंत्र गोदाम मांडता येते. आपण मुख्य मालक असलो किंवा जॉबवर्क करणारे असलो, तरी दोन्ही बाजूंची व्यवस्था त्यात आहे. जीएसटी कायद्याच्या १४३ व्या कलमानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आली नाही, तर तो पहिल्या दिवशीच पुरवठा झाला असे धरून कर आकारला जातो. आयटीसी-०४ हे विवरणपत्र त्यासाठीच भरायचे असते. चलने टॅलीत नीट भरलेली असली, तर या विवरणपत्राची माहिती नोंदवह्यांतून निघते. नसली, तर वर्षाच्या शेवटी चलनाच्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन बसावे लागते.

जे कारखाने ही व्यवस्था खरोखर वापरतात त्यांची संख्या माझ्या पाहण्यात थोडी आहे, आणि त्याला कारण आहे. ती सुरू करण्यासाठी आधी जॉब ऑर्डर उघडायची, मग तिच्याशी आवक-जावक जोडायची, शिवाय कच्चा माल व तयार माल यांचे प्रमाण सांगणारी सामग्री-यादी मांडायची. हे सारे शिकवायला कोणी नसते. विक्रेत्याचा माणूस बिलाचा नमुना बसवून जातो, टॅलीच्या वर्गात विक्री-खरेदी शिकवलेली असते, आणि जॉबवर्क हा प्रकार दोघांच्याही मधल्या फटीत पडतो. एकदा बसवल्यावर मात्र फरक स्पष्ट दिसतो. फाउंड्रीने ५०० नग दिले, ४७० तयार होऊन गेले, १८ ओतकामाच्या दोषामुळे आणि ५ मशीनिंगमध्ये बाद झाले, म्हणजे ७ नग आपल्याकडे असायला हवेत, असे फाउंड्रीच्या माणसासमोर दाखवता आले की महिन्याअखेरची वादावादी निम्म्याने कमी होते. बॅच क्रमांकाच्या रकान्यात हीट नंबर (एका वेळी वितळवून ओतलेल्या धातूचा क्रमांक) टाकण्याची युक्तीही उपयोगी आहे. ग्राहकाने एखाद्या लॉटवर तक्रार केली, तर तो माल कोणत्या चलनाने आला होता हे शोधता येते.

मर्यादा येथूनच सुरू होते. कास्टिंगची खरेदी किलोवर, मशीनिंगची मजुरी नगावर आणि उतरलेल्या बोरिंगची (धातूच्या किसाची) विक्री पुन्हा किलोवर, असा हा व्यवहार असतो. पर्यायी एकके टॅलीत आहेत, परंतु प्रत्येक ओतकामात नगाचे वजन थोडे बदलते आणि कागदावरचा साठा व काट्यावरचा साठा यांत फरक पडत राहतो. तो वेळोवेळी प्रत्यक्ष मोजणी करून जुळवावाच लागतो. आज कोणत्या सीएनसीवर कोणता नग लावायचा, दुसऱ्या पाळीत किती नग निघाले, टूल किती नगांमागे बदलला, यंत्र किती तास बंद राहिले, यांपैकी कशाचेही उत्तर टॅलीप्राइम मूळ स्वरूपात देत नाही. ते जमाखर्चाचे सॉफ्टवेअर आहे आणि माल दारातून आत आला व बाहेर गेला एवढेच त्याला कळते. मधल्या आठ तासांत काय झाले, ते शॉपफ्लोअरवरच्या फळ्यावरच राहते. विक्रीच्या वेळी ‘यात सगळे होते’ असे सांगणारे विक्रेते भेटतात, त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय ते मान्य करू नये.

जीएसटीबाबत थोडक्यात सांगता येईल, कारण हा भाग जवळजवळ निर्दोष आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या पुढे असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे; टॅलीतून बिल जतन करतानाच आयआरएन (बिलाचा शासकीय नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड येतो, आणि तेच बिल ई-वे बिलासाठीही वापरता येते. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून विवरणपत्र थेट पोर्टलवर चढवणे आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलने तयार केलेले पत्रक) उतरवून खरेदीशी ताडणे हे दोन्ही टॅलीच्या आतूनच होते. २बी मध्ये न दिसणाऱ्या खरेदीवर कराची वजावट मिळत नसल्याने हे ताडून पाहणे दरमहा करावेच लागते, आणि १४ तारखेला २बी आल्यापासून २० तारखेला ३बी हे मासिक विवरणपत्र भरेपर्यंतच्या दिवसांत या एका सोयीने बरेच कष्ट वाचतात. सीमेवरच्या आमच्या जिल्ह्यापुरती एक सूचना मात्र करावीशी वाटते. महाराष्ट्राच्या आत १ लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, ही सवय अंगवळणी पडलेली असते. बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कला माल पाठवताना मात्र, तो दुसऱ्या राज्यात जात असल्यामुळे, किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागते. अशा जावकीचे ई-वे बिल ‘मटेरियल आउट’च्या नोंदीवरूनच काढण्याची सवय लावून घेतली, तर निपाणीकडे जाताना टेम्पो अडण्याची भीती राहत नाही.

विदा (डेटा) कोठे राहते, हा प्रश्न विकत घेताना कोणी विचारत नाही. टॅलीप्राइम विंडोज संगणकावर चालते आणि सर्व हिशेब त्याच संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये असतो. ढगातील (क्लाउड) सेवेची निराळी, जास्त पैशांची व्यवस्था आहे, पण छोट्या कारखान्यात ती क्वचितच घेतली जाते. आपले आकडे आपल्याच ताब्यात, हे बऱ्याच मालकांना मानवते आणि इंटरनेट गेले तरी बिले थांबत नाहीत, हा फायदाही खराच. पण मग त्या फोल्डरची प्रत काढण्याची जबाबदारीही आपलीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले होते. ज्यांचा संगणक तळमजल्यावर आणि प्रत असलेला पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात, अशांची त्या दिवसांतली अवस्था येथे कोणाला सांगायला नको. प्रत कारखान्याच्या बाहेर, आणि आठवड्याला नव्हे तर रोज, एवढा नियम पुरे आहे. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे हिशेबाला कुलूप घालणाऱ्या सोयीचा, पासवर्ड लावणार असाल, तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा, कारण तो विसरल्यास आकडे परत मिळण्याचा मार्ग नाही.

मालकाला बाहेरगावी असताना ब्राउझरमधून येणे-देणे, विक्री आणि साठा यांचे अहवाल पाहता येतात. ही सोय चांगली आहे, फक्त कारखान्यातील संगणक चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो, म्हणजे भारनियमनाच्या दिवशी ती कामाची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून बिल किंवा थकबाकीचे स्मरणपत्र पाठवण्याची व्यवस्थाही आता आली आहे. तिचा खर्च निराळा पडतो, आणि पुण्याच्या मोठ्या कंपनीच्या लेखा विभागाला व्हॉट्सअ‍ॅपवर स्मरणपत्र पाठवून काही होत नसल्याने आमच्या धंद्याला तिचा उपयोग बेताचाच.

मराठीत मेनू दिसण्याची आणि खात्यांची नावे देवनागरीत लिहिण्याची सोय टॅलीत आहे, पण ती वापरणारा कारखाना मला अजून भेटलेला नाही. जीएसटीचे पोर्टल, बँकेची विवरणे, ग्राहकाची ऑर्डर सारेच इंग्रजीत असल्यावर मधला एक पडदा मराठी करून कोणाचे फारसे सोपे होत नाही. ज्या मालकांना स्वतः अहवाल वाचायचे आहेत, पण इंग्रजी अहवालांची धास्ती वाटते, त्यांनी मात्र ती एकदा सुरू करून पाहायला हरकत नाही.

टॅली घेण्याचे सर्वांत व्यवहारी कारण सॉफ्टवेअरच्या बाहेरचे आहे. एमएस-सीआयटी झाल्यावर टॅली, हा महाराष्ट्रातील तालुक्या-तालुक्यांतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा ठरलेला रस्ता आहे, आणि एमकेसीएलपासून गल्लीतल्या खासगी वर्गापर्यंत सर्वत्र तो शिकवला जातो. हिशेबनीस काम सोडून गेला, तर आठवड्याभरात दुसरा मिळतो आणि तो पहिल्या दिवसापासून नोंदी करू लागतो. सीएंच्या कार्यालयातही टॅलीच असते, त्यामुळे वर्षअखेरीस फोल्डर पाठवला की काम झाले. या सोयीचा दुष्परिणाम असा, की टॅली हे सीएंचे आणि हिशेबनिसाचे साधन होऊन बसते. मालक महिनोन् महिने ते उघडतच नाही आणि आपल्या धंद्याची स्थिती त्याला वर्ष संपून काही महिन्यांनी, विवरणपत्र भरताना कळते.

बिलाचा छापील नमुना किंवा एखादा खास अहवाल हवा असेल, तर टीडीएल या टॅलीच्या स्वतःच्या भाषेत तो लिहून मिळतो. गावोगावी असे काम करून देणारे आहेत, त्यांची गुणवत्ता मात्र फार वेगवेगळी आहे. एका कारखान्यासाठी आम्ही अशा एकाकडून चलनाचा नमुना करून घेतला होता. पुढची आवृत्ती आल्यावर तो चालेनासा झाला आणि तोवर त्या गृहस्थांनी व्यवसाय बदलला होता. तेव्हापासून मी नमुन्यात कमीत कमी बदल करावेत आणि टीडीएलची फाइल आपल्याकडे मागून ठेवावी, असा आग्रह धरतो.

पर्यायांचा विचार केला, तर उत्पादनाचे नियोजन हीच मुख्य गरज असणाऱ्यांनी मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचे ईआरपीनेक्स्ट पाहावे. ते मुक्तस्रोत आहे, सामग्री-यादी, वर्क ऑर्डर, जॉब कार्ड, गुणवत्ता-तपासणी हे सारे त्यात मुळातच आहे, आणि सॉफ्टवेअरचे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते बसवण्याचे, सर्व्हरचे आणि सांभाळणाऱ्या माणसाचे. ज्या कारखान्यात पर्यवेक्षक प्रत्येक पाळीत जॉब कार्ड भरायला तयार आहेत तेथेच ते टिकते; मी पाहिलेल्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी तीन महिन्यांत जॉब कार्डे बंद पडली आणि फक्त बिले निघत राहिली, म्हणजे टॅलीचेच काम अधिक खर्चात सुरू राहिले. उलट, ज्याला महिन्याला वीस-पंचवीस बिले काढायची आहेत, साठा नाही आणि जॉबवर्क नाही, त्याला मोबाइलवर चालणारे एखादे साधे बिलिंग अ‍ॅप पुरेल.

खर्चाचे म्हणाल, तर एका संगणकासाठीच्या सिल्व्हर परवान्याची किंमत आम्ही घेतली तेव्हा २२,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५० रुपये होती; एकाच जाळ्यातील अनेक संगणकांसाठीच्या गोल्डची ६७,५०० रुपये अधिक जीएसटी. परवाना कायमचा असतो, पण नवीन आवृत्त्या, पोर्टलशी थेट जोडणी आणि ब्राउझरमधील अहवाल यांसाठी टीएसएस ही वार्षिक वर्गणी चालू ठेवावी लागते. पहिल्या खरेदीत ती समाविष्ट असल्यामुळे दुसऱ्या वर्षी येणारे बिल पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटते. जीएसटीचे नियम ज्या वेगाने बदलतात तो पाहता ती न भरणे परवडत नाही, तेव्हा किंमत ठरवताना ती धरूनच विचार करावा. फुकटात बसवून देतो म्हणणाऱ्यांच्या ‘क्रॅक’ प्रतीपासून दूर राहावे; तिच्यावर अधिकृत अद्यतने आणि आधार मिळत नाही, आणि आपले सगळे येणे-देणे कोणा अनोळखी माणसाने फोडलेल्या प्रणालीवर ठेवणे शहाणपणाचे नाही.

नोंदी करणारा माणूस एकच असेल, तर सिल्व्हरवर सुरुवात करावी. स्टोअरमधून चलने आणि कार्यालयातून बिले एकाच वेळी भरायची वेळ आली, की गोल्डचा विचार करावा. घेण्यापूर्वी टॅली परवान्याशिवाय शैक्षणिक स्थितीत चालवून पाहता येते. तेव्हा महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात, हे त्यातले मुख्य बंधन असते. आपल्या गेल्या महिन्यातील काही बिले, एक डेबिट नोट लावून आलेले पेमेंट आणि फाउंड्रीची पाच-सहा चलने या तारखा टाकून भरावीत. बिलवार येणे आणि फाउंड्रीच्या नावावरची नगांची शिल्लक बरोबर निघते का, हे आपल्या हिशेबनिसाकडून आपल्या समोर बसून करून घ्यावे, आणि मगच विक्रेत्याला फोन करावा.